पुस्तकांवरच्या गप्पा कोणत्या कपाटात?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठीत पुस्तकांविषयीच्या पुस्तकांचं पेव फुटलं आहे. रद्दीवाल्याकडे काय हाती लागलं, कुणाचं लेखन पुन्हापुन्हा वाचावंसं वाटतं, कोणता नावाजलेला लेखक चाळीस पानांपुढे झेपला नाही, पावसाळी दुपारी अंगावर चादर ओढून काय वाचलं, असा सगळा ऐवज. वाचणारे आवडीने वाचतात. अडचण एवढीच की या लेखनाला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. मलपृष्ठावर ‘ललित’ छापलेलं असतं, ग्रंथालयाच्या नोंदवहीत ‘संकीर्ण’, आणि जुन्या वळणाचे प्राध्यापक अजून ‘लघुनिबंध’ म्हणतात. हा घोळ शंभर वर्षांचा आहे.

त्याआधीचं थोडक्यात. १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त ‘वाचन’ नावाचा निबंध आहे, ग्रंथांवर टीका कशी करावी याचाही आहे. पण मालाकारांचा, म्हणजे ती माला लिहिणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा, सूर शिकवणाऱ्याचा. वाचन हे तिथे काम आहे, देशाच्या उपयोगी पडणारं. वाचनाची चैन करावी, त्याबद्दल सैल जिभेने बोलावं, ही कल्पना त्या पानांत बसत नाही. बसायचं कारणही नव्हतं. पुढची पन्नास वर्षं मराठी निबंध भांडत राहिला, सरकारशी आणि आपसांतही. त्या भांडणांतून मराठी गद्याला धार आली, हे खरंच. गप्पांना मात्र वेळ नव्हता.

गप्पा आल्या त्या १९२६ साली पुण्यात निघालेल्या ‘रत्नाकर’ मासिकाच्या काळात. एका प्राध्यापक-कादंबरीकाराने इंग्रजी वृत्तपत्रांतले हलकेफुलके निबंध वाचून तसंच काहीतरी मराठीत लिहायला घेतलं आणि त्याला नाव दिलं ‘गुजगोष्टी’. माझ्या मते नाव झकास होतं. गुज म्हणजे कानाशी सांगायची गोष्ट; बायकांच्या ओव्यांत हा शब्द आधीपासून नांदत होता. सांगणारा, ऐकणारा आणि दोघांमधलं अंतर, तिन्ही एका शब्दात आलं. पण ते टिकलं नाही. जिंकला ‘लघुनिबंध’.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढची सगळी गुंतागुंत या शब्दाने केली आहे. ‘निबंध’ म्हणजे बांधलेलं. धर्मशास्त्रात तर निबंध म्हणजे ठिकठिकाणची स्मृतिवचनं गोळा करून निर्णय देणारा जाडजूड ग्रंथ. एकादशी कोणत्या दिवशी धरायची याचा वाद ज्यात बघून मिटवला जातो तो ‘निर्णयसिंधु’ (१६१२) हा अशा ग्रंथांपैकीच. जे लेखन मुद्दाम सैल ठेवायचं, ज्यात कसलाही निर्णय द्यायचा नाही, त्याला नाव मिळालं निबंधाचं. मग ते सावरायला पुढे ‘लघु’ लावलं. लघु म्हणजे आकाराने लहान की वजनाने हलकं, हे कुणी ठरवलं नाही. मासिकात चार-पाच पानांची जागा मिळायची म्हणून लेख तेवढा व्हायचा; टीकाकारांनी तेच त्याचं लक्षण करून टाकलं.

आणखी एक झालं. १९३०च्या दशकात लघुनिबंधाला बरकत आली (‘पिकली पाने’ हा गाजलेला संग्रह १९३४चा) आणि बरकतीबरोबर साचाही आला. सुरुवातीला घरातला एखादा बारीकसा प्रसंग, मग सर्वमान्य समजुतीच्या नेमकं उलट विधान, मग त्याचं लाडिक समर्थन आणि शेवटी खिडकीबाहेर पाहत एक चिंतन. आळस चांगला का, उशीर झालेला बरा का, उसनं घेतलेलं पुस्तक परत का करू नये, असे विषय. पहिले वीस वाचताना मजा येते. एकविसाव्यात प्रसंग संपायच्या आत शेवट कळतो. त्यात हे लेख शाळेच्या पुस्तकांत गेले. ‘लघुनिबंधाची वैशिष्ट्ये लिहा’ असा प्रश्न आला की त्या प्रकाराचा जीव जातोच. शिवाय शाळेत ‘निबंध’ म्हणजे ‘मी पंतप्रधान झालो तर’. तो शब्द ऐकून कुणाला गप्पा आठवतील?

म्हणून पुढच्या पिढीने नाव टाकलं. १९५०च्या दशकापासून ऋतूंवर, झाडापानांवर, देवळांवर, बालपणीच्या डोहावर वेगळ्याच ताकदीचं गद्य येऊ लागलं. त्याला लघुनिबंध म्हणवेना. सगळ्यांनीच सोडलं असंही नाही. १९५८ आणि १९६५ साली एका मोठ्या कवीने आपले दोन संग्रह लघुनिबंध म्हणूनच दिले, आणि त्यांत साच्याचा मागमूस नाही. पण एकंदर वारं ‘ललित निबंध’, ‘ललित लेख’ आणि अखेर ‘ललित गद्य’ या दिशेने वाहिलं. पुढे एका ग्रामीण कादंबरीकाराने या प्रकाराचा इतिहास लिहिला, त्याच्या शीर्षकात ‘ललित गद्य’ आणि ‘लघुनिबंध’ दोन्ही शब्द शेजारी-शेजारी नांदतात. अभ्यासकालाही एक टाकून दुसरा घेता आला नाही.

‘ललित’नेही काही सुटलं नाही. ललित वाङ्मय म्हटलं की कथा, कादंबरी, नाटक, कविता सगळं येतं. उरलेलं ते ललितेतर. मग ‘ललित गद्य’ म्हणजे कादंबरीसुद्धा झाली की! ती वगळायची हे आपण संकेताने जाणतो, शब्द तसं सांगत नाही. पुस्तकांवरच्या गप्पांची तर जास्तच पंचाईत. विषय पुस्तकं, म्हणून समीक्षेच्या शेजारी. सूर घरगुती, म्हणून ललित. माहिती खरी, म्हणून ललितेतर.

यात भर पडली जानेवारी १९६४मध्ये. मुंबईत गिरगावातल्या एका पुस्तकविक्रेत्या-प्रकाशकाने फक्त पुस्तकांना वाहिलेलं मासिक काढलं आणि त्याचं नावच ‘ललित’ ठेवलं. माझ्या वयाच्या वाचकांना या शब्दाशी पुस्तकांची चर्चा जोडून टाकायची सवय लागली ती इथून. नव्या पुस्तकांच्या याद्या, लेखकांच्या मुलाखती, जाहिराती हे सगळं होतंच. पण वाचनालयाच्या टेबलावर अंक पडला की लोक आधी उघडत ते ‘घटका गेली, पळे गेली’ हे सदर. लेखक टोपणनावाने लिहायचा, सोबत एका अव्वल व्यंगचित्रकाराची चित्रं. आमच्या वाचनालयातल्या अंकांची तेवढीच पानं मळून पिवळी पडलेली असत, कोपरे दुमडून दुमडून मऊ झालेले. बाकीचा अंक कोराकरकरीत, गोल शिक्क्यासकट.

सुमारे वीस वर्षं त्या सदराने मराठी साहित्यिकांना चिमटे काढले. संमेलनाध्यक्षपदासाठीची धावपळ, पुरस्कारांची गणितं, प्रस्तावनांतली परस्परस्तुती, काहीच सुटलं नाही. टीका झाली ती अशी की यामुळे लेखनापेक्षा लेखकाची टिंगल वाचायची चटक लागली. थोडंफार पटण्यासारखं आहे. पण लेखकाबद्दल न घाबरता, मानेला झटका न देता बोलता येतं, हे सामान्य वाचकाला कळलं ते या सदरामुळे. विद्यापीठांतल्या समीक्षेला ते जमलं नव्हतं. आज जो तो आपलं मत बेधडक मांडतो त्याची वाट तिथून निघते. १९२६च्या गुजगोष्टींचं श्रेय मी इथे थोडं कमी धरतो.

त्याच सुमाराला दुसरी वाट मुंबईतल्याच एका दैनिकाच्या संपादकाने पाडली. अग्रलेखांनी गाजलेला हा माणूस इंग्रजी ग्रंथांवर सवडीने लिहायचा. चिमटे नाहीत, विनोद बेताचा, वाचन मात्र अफाट. ज्यांना ती पुस्तकं परवडणारी नव्हती, मिळणारीही नव्हती, त्यांनी ती त्याच्या लेखांतून वाचली. नंतर रविवारच्या पुरवण्यांत पुस्तकांची सदरं रुळली ती या दोन वाटांच्या मध्ये कुठेतरी.

प्रतिष्ठेचा शिक्का उशिरा बसला. ललित लेखांच्या ‘पैस’ला १९७१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता, पण तो विषय पुस्तकांचा नव्हता. २०१३ साली मात्र ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला मिळाला. एका कवीने प्रकाशनगृहाच्या वार्तापत्रात वेळोवेळी लिहिलेल्या वाचन-नोंदी, कुठलाही सिद्धांत न मांडणाऱ्या. पेव फुटलं ते त्यानंतर, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत ललितगद्याचा वेगळा विभाग आहे. त्यातला पुरस्कार ज्याच्या नावाने दिला जातो तो ‘पिकली पाने’चा लेखक, म्हणजे हाडाचा लघुनिबंधकार. नाव जुन्याचं, वर्ग नव्याचा. वाद असा मिटवलेला दिसतो.

ग्रंथालयांना मात्र क्रमांक घालावाच लागतो. दशांश वर्गीकरणात मराठी निबंधाचा क्रमांक ८९१.४६४ आणि वाचन या विषयाचा ०२८, म्हणजे दोन टोकांची दोन कपाटं. आमच्या वाचनालयात एका पुस्तकप्रेमीच्या आठवणींच्या दोन प्रती आहेत, एक विकत घेतलेली, एक देणगीतली. विकतची ‘ललित’मध्ये आहे. देणगीतलीवर लाल शाईने आधी ‘समीक्षा’ लिहून खोडलंय, खाली ‘चरित्र’ लिहून तेही खोडलंय. सध्या ती काउंटरवरच असते, परत आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात, आणि तिथूनच कुणीतरी घेऊन जातं.