धर्म बदलला तरी अनुसूचित जातीची सवलत चालू राहते?

"चर्चमध्येही जायचं आणि अनुसूचित जातीचं आरक्षणही घ्यायचं" असा फॉरवर्ड मिरजेत आमच्या गल्लीच्या ग्रुपवर दर निवडणुकीला फिरतो. कायदा तसा नाही. अनुसूचित जातींबाबतचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश काढा आणि तिसरा परिच्छेद वाचा, छोटासाच आहे. हिंदू, शीख (१९५६ पासून) किंवा बौद्ध (१९९० पासून) सोडून दुसरा धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा धरत नाहीत. म्हणजे ख्रिस्ती झालेल्याची ही सवलत जाते. गावाने चिकटवलेली जात मात्र बऱ्याचदा जात नाही. गोंधळ बहुधा अनुसूचित जमातींमुळे होतो. त्यांच्या आदेशात धर्माची अशी अट नाही, म्हणून ख्रिस्ती आदिवासीलाही जमातीचा दाखला मिळू शकतो. फॉरवर्ड आला की 'जात' लिहिलंय की 'जमात', ते आधी बघा.