पतंगराव कदम

पतंगराव श्रीपतराव कदम (८ जानेवारी १९४४ – ९ मार्च २०१८) हे सांगली जिल्ह्यातले काँग्रेसचे आमदार, बरीच वर्षं राज्यात मंत्री आणि पुण्याच्या भारती विद्यापीठाचे संस्थापक. उद्योग, सहकार, महसूल, मदत-पुनर्वसन, वन अशी खाती त्यांनी सांभाळली. पण पुण्यात नाव घेतलं की लोकांना आधी धनकवडीचा कॅम्पस आठवतो आणि कडेगाव-पलूसकडे घेतलं की कारखाना, सूतगिरणी आणि पाण्याच्या योजना. माणूस एकच, त्यामुळे आमदारकी, धंदा आणि शिक्षण असे तीन कप्पे करून त्यांची कारकीर्द सांगायला गेलं की घोळ होतो, कारण तिन्ही गोष्टी शेवटपर्यंत एकमेकींना धरूनच चालल्या.

जन्म सोनसळचा. तेव्हा खानापूर तालुका, आता कडेगाव. घाटमाथ्याच्या पलीकडचा, पाऊस हुलकावणी देणारा पट्टा, म्हणजे कृष्णाकाठ नकाशात जवळ पण पाणी लांब. घर शेतकऱ्याचं. शिक्षण रयत शिक्षण संस्थेच्या आधारानं झालं, साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेत काम करत शिकले, मग पुण्यात येऊन हडपसरच्या साधना विद्यालयात शिक्षकी केली (ती शाळाही रयतचीच), आणि नोकरी करत करत एमए, एलएलबी. पुढे शिक्षणाच्या प्रशासनावर पीएचडीसुद्धा केली. कर्मवीर भाऊराव पाटलांचा वारसा ते भाषणात कायम सांगायचे. तो खोटा नव्हता, पण त्यांनी उभं केलेलं मॉडेल मात्र रयतपेक्षा बरंच वेगळं निघालं, ते पुढे येईलच.

१९६४ साली भारती विद्यापीठ सुरू केलं तेव्हा वय वीस. ना इमारत, ना जागा, ना कुठली मान्यता, आणि नाव थेट 'विद्यापीठ'! सुरुवात कॉलेजने झालीच नाही. शाळाशाळांतून गणित आणि इंग्रजीच्या जादा परीक्षा घ्यायच्या, पोरांकडून पाठांतर करून घ्यायचं, प्रमाणपत्र द्यायचं, असं काम होतं. गावोगावच्या मास्तरांशी ओळखी यातून झाल्या आणि ही ओळखीची जाळी पुढे निवडणुकीतही उपयोगी पडली असणार, हे सांगायला कुणी राजकीय पंडित लागत नाही. नंतर शाळा आल्या, कॉलेजं आली. १९६८ च्या सुमाराला ते एसटी महामंडळावर संचालक म्हणून गेले, तिथून राज्याच्या राजकारणात वावर सुरू झाला.

खरा टर्निंग पॉइंट १९८३ चा, आणि तो त्यांचा एकट्याचा नाही, अख्ख्या महाराष्ट्राचा आहे. तोवर इंजिनिअरिंगच्या जागा म्हणजे मोजक्या सरकारी आणि अनुदानित कॉलेजांतल्या. ज्यांना मार्क कमी पण पैसा होता ती पोरं कर्नाटकात जायची, डोनेशन भरायची. पैसा बाहेर जातो आणि पोरंही बाहेर जातात, मग आपल्याकडेच का नको, असा तो विचार. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, ते पण सांगलीचेच, त्यांच्या सरकारने खासगी संस्थांना विनाअनुदानित तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेज काढायला परवानगी दिली. विनाअनुदानित म्हणजे सरकार छदामही देणार नाही. इमारत, लॅब, प्राध्यापकांचे पगार सगळं फीमधून. आता अशी कॉलेजं काढू कोण शकणार? ज्याच्याकडे जमीन आहे, संस्था आधीच रजिस्टर आहे, बँकेत पत आहे आणि मंत्रालयात फाईल हलवता येते तो. साहजिकच पुढे आले ते बरेचसे आमदार, माजी आमदार, साखर कारखानदार. कोल्हापूरचे डी. वाय. पाटील (तेही माजी आमदार), लोणी-प्रवरानगरचे विखे आणि पुण्यात पतंगराव. भारती विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज त्याच वर्षी, म्हणजे १९८३ ला सुरू झालं आणि १९८९ ला मेडिकल. 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठी पेपरांत रुळला तो याच पिढीमुळे, आणि तो कौतुकाने कमी, टोमणा म्हणून जास्त वापरला गेला.

टोमण्याला कारण होतं. डोनेशनचा बोभाटा इतका झाला की १९८७ ला राज्याला कॅपिटेशन फीबंदीचा कायदा करावा लागला. १९९३ ला सुप्रीम कोर्टाने उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा 'फ्री' आणि निम्म्या 'पेमेंट' असा फॉर्म्युला दिला, तो २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात मोडला, मग फी ठरवायला समित्या आल्या. या सगळ्या धामधुमीत १९९६ ला भारती विद्यापीठाला केंद्राकडून अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बाहेरून बघणाऱ्याला हा नुसता मानाचा शिक्का वाटतो पण संस्थाचालकाच्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी गोष्ट. पुणे विद्यापीठाची संलग्नता सुटली, परीक्षा आपल्या, पदवी आपली, अभ्यासक्रम आपला आणि फी राज्याच्या समितीच्या कक्षेबाहेर. नाव १९६४ ला ठेवलं होतं, ते कागदावर खरं व्हायला बत्तीस वर्षं लागली. मेडिकलच्या प्रवेशाची स्वतःची दारं मात्र पुढे 'नीट' ही देशभराची एकच प्रवेश परीक्षा आल्यावर बंद झाली, अभिमतचे प्रवेशही केंद्राच्या काउन्सेलिंगमधून व्हायला लागले.

उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि ती पुण्यात बसून दिसत नाही. खानापूर, कडेगाव, पलूस, तासगाव या भागातल्या कितीतरी घरांत एखादा तरी 'भारतीत लागलेला' आहे. कुणी प्राध्यापक, कुणी लॅब असिस्टंट, कुणी शिपाई, कुणी ड्रायव्हर. पोरगं बारावी झालं की चिठ्ठी घेऊन पुण्याला, प्रवेशाचं बघा साहेब. नोकरी, प्रवेश आणि मत या तिन्हींचा हिशेब एकाच वहीत होता म्हटलं तरी चालेल.

निवडणुकीत सुरुवात पराभवाने झाली. १९८० ला भिलवडी-वांगी मतदारसंघातून फक्त ८६ मतांनी पडले. १९८५ ला निवडून आले, १९९० ला परत आले. १९९१ ला सुधाकरराव नाईकांच्या मंत्रिमंडळात शिक्षण राज्यमंत्री झाले, म्हणजे संस्थाचालक स्वतःच शिक्षण खात्यात. आज असं झालं तर हितसंबंधांवरून टीव्हीवर किती चर्चा झडतील, तेव्हा मात्र हे बऱ्यापैकी पचून गेलं. १९९५ ला संपतराव देशमुखांनी त्यांना हरवलं. कदम विरुद्ध देशमुख हा सामना त्या भागात नंतरही पिढ्या बदलून चालूच राहिला. १९९९ ला ते परत जिंकले आणि मग हरले नाहीत. मतदारसंघाची फेररचना होऊन पलूस-कडेगाव झाला तिथूनही २००९ आणि २०१४ ला तेच.

१९९९ नंतर उद्योगमंत्री. काळ अवघड होता, मुंबईच्या गिरण्या संपलेल्या आणि आयटी कंपन्यांना हैदराबाद-बंगळूर खेचत होतं. २००१ ला राज्याचं नवं औद्योगिक धोरण आलं. त्याच वर्षीचं द्राक्ष प्रक्रिया धोरण मात्र जास्त गमतीचं आहे. वाइनला सवलती देऊन दोन वाइन पार्क काढायचे ठरले, एक नाशिककडे विंचूरला आणि दुसरं सांगली जिल्ह्यात पलूसला, म्हणजे मंत्र्यांच्या घरच्याच अंगणात. नाशिककडे वाइन धंदा नावारूपाला आला, पलूसला तेवढं जमलं नाही. वाइनची द्राक्षं वेगळी, खायची वेगळी. इकडचा बागायतदार खायची द्राक्षं पिकवणार, भाव पडला तर शेडवर टाकून बेदाणा करणार, आणि बेदाण्याला तासगाव-सांगलीचं मार्केट दाराशी. मग कंपनीच्या करारावर वाइनची जात कोण लावतंय? त्यात २००८ ची मंदी. कारखान्यासाठी प्लॉट देता येतो, शेतकऱ्याचा हिशेब बदलता येत नाही.

स्वतःच्या भागात त्यांनी जे केलं ते सहकाराच्या जुन्या वाटेनेच. वांगीला सोनहिरा साखर कारखाना, सूतगिरण्या, शिवाय पुण्यात भारती सहकारी बँक, ग्राहक भांडार. सोनहिरा हा तिथला ओढा, त्याच्या खोऱ्यावरून कारखान्याचं नाव. पण उसाशिवाय कारखाना नाही आणि पाण्याशिवाय ऊस नाही, म्हणून ताकारी आणि टेंभू या उपसा योजना त्या राजकारणाचा कणा झाल्या. कृष्णेचं पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने वर चढवून माथ्याकडे न्यायचं, निधीसाठी भांडायचं, वीजबिल कोण भरणार यावर परत भांडायचं. या योजनांचं श्रेय घेणारे त्या पट्ट्यात सगळ्याच पक्षांत आहेत, पतंगराव त्यातले एक.

एक खंत त्यांनी कधी लपवली नाही, ती मुख्यमंत्रिपदाची. २००३, २००८, २०१०, दर वेळी खुर्ची रिकामी झाली की नाव चर्चेत यायचं आणि दर वेळी दिल्लीहून दुसराच यायचा. ते भर सभेत हसत हसत स्वतःच बोलून दाखवायचे, त्यामुळे पत्रकारांना हेडलाइन आयती मिळायची. गावाकडची मोकळी भाषा, अंगावर आलेला प्रश्न चेष्टेवर न्यायचा, ही स्टाइल शेवटपर्यंत टिकली.

९ मार्च २०१८ ला मुंबईत लीलावती हॉस्पिटलमध्ये निधन झालं तेव्हा ते आमदारच होते. पोटनिवडणुकीत मुलगा विश्वजीत कदम बिनविरोध निवडून आले. विद्यापीठाच्या कुलपतिपदी भाऊ शिवाजीराव कदम, तर सोनहिरा कारखाना सांभाळणारे दुसरे भाऊ मोहनराव २०१६ पासूनच विधान परिषदेवर होते. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, राहुल गांधींनी कडेगाव तालुक्यात येऊन पतंगरावांच्या पुतळ्याचं अनावरण केलं आणि त्या निवडणुकीतही समोर देशमुखच होते.