शहाबादी फरशीचं वय आणि शिशाची दोन घड्याळं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो: अमुक देवळाच्या दगडाचं 'कार्बन डेटिंग' झालं, वय 12 हजार वर्षं, शास्त्रज्ञ थक्क! देवळाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण हे डेटिंग ज्यावर चालतं तो कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो, 50 हजार वर्षांनंतर मोजण्याइतकाही उरत नाही. आपल्या भुईकोट किल्ल्याचा काळा दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांचा. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय दगडाचं वय म्हणजे देवळाचं वय नव्हे. पाटा काल टाकवून आणला तरी त्याचा दगड तेवढाच जुना.

यावर शेजारच्या काकांनी मला बरोबर पकडलं. "शहाबादी फरशी चुनखडकाची ना? मग तिच्यात कार्बन आहेच की!"

आहेच. मे महिन्यात दुपारी चटई बाजूला सारून ज्या गार फरशीवर आपण अंग टाकतो, तिच्यावर लिंबाचं सरबत सांडलं की फिकट डाग राहतो. पुसून जात नाही, कारण आम्लाने तिथलं कॅल्शियम कार्बोनेट खाल्लेलं असतं. कार्बन भरपूर, पण कार्बन-14 केव्हाच संपलेला. कलबुर्गी सोडून वाडीकडे निघालं की लागणाऱ्या शहाबादच्या खाणींतला हा चुनखडक वायव्येला आपल्या काळ्या कातळाखाली शिरतो, म्हणजे त्याहून जुना. किती जुना, हे सांगायला त्यात शंखशिंपलेही नाहीत.

इथे शिसं कामाला येतं, आणि हा माझा सगळ्यात आवडता हिशोब आहे.

समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळतं, शिसं जवळपास नाही. त्यामुळे चुनखडक साचताना त्यात थोडं युरेनियम अडकतं, शिसं अगदी कमी. या युरेनियमचे दोन भाऊ. युरेनियम-238 काटकसरी, निम्मा व्हायला 447 कोटी वर्षं घेतो आणि शेवटी शिसं-206 होतो. युरेनियम-235 उधळ्या, 70 कोटी वर्षांतच निम्मा, त्याचं शिसं-207. आज उधळ्याच्या एका अणूमागे काटकसऱ्याचे 138 आहेत. 160 कोटी वर्षांपूर्वी 37 च होते. म्हणून जुन्या काळी 207 जास्त बनायचं, आता कमी.

एकाच थराचे आठ-दहा तुकडे घ्यायचे. कुणात युरेनियम जास्त पडलं, कुणात कमी. प्रत्येकातलं 206 आणि 207 हे शिसं-204 च्या तुलनेत मोजायचं, कारण 204 कशाच्याही क्षयातून बनत नाही, ते होतं तेवढंच राहतं. आलेखावर ठिपके मांडले की ते एका सरळ रेषेत बसतात, आणि रेषेचा चढ म्हणजे वय. खडक अगदी कोवळा असेल तर चढ 0.046 च्या आसपास, 160 कोटी वर्षांचा असेल तर सुमारे 0.099. गंमत अशी, की युरेनियम मोजावंच लागत नाही. गेल्या काही हजार वर्षांत पावसाच्या पाण्याने ते धुऊन नेलं असलं तरी साचलेलं शिसं साक्ष देतं.

याच रेषेने अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी 1956 मध्ये उल्कांवरून पृथ्वीचं वय 455 कोटी वर्षं काढलं. चुनखडकावर ती 1987 मध्ये स्टीफन मूरबाथ आणि सहकाऱ्यांनी लावली, झिम्बाब्वेतल्या मुशांडिके इथे. उत्तर आलं सुमारे 284 कोटी. आपल्याकडे सोन नदीच्या खोऱ्यातल्या विंध्य चुनखडकांचं वय या पद्धतीने 160 कोटींच्या घरात आलं, आणि त्याच गटातल्या ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉनही (युरेनियम धरून ठेवणारे बारीक स्फटिक) तेच सांगतात. चूकभूल मात्र कधी कधी 10 कोटींच्या वर जाते, ती मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही.

खरी डोकेदुखी दगड विरघळवताना. चुनखडकात चिकणमाती असते आणि तिच्यात बाहेरून आलेलं जुनं शिसं. जोरकस आम्ल ओतलं तर तेही मिसळणार. म्हणून प्रयोगशाळेत सौम्य आम्ल वापरतात, पुष्कळदा व्हिनेगरमधलंच ॲसेटिक आम्ल, आणि पहिलं धुवण फेकून देतात. शहाबादी फरशी जिथली, त्या भीमा खोऱ्यात तर आणखी पंचाईत. यादगीर जिल्ह्यातल्या गोगीला भूभंगाच्या (जमिनीतल्या खडकांच्या मोठ्या भेगेच्या) कडेने नंतर आलेल्या द्रवांनी चुनखडकात युरेनियमचा साठाच करून ठेवलाय. तिथला तुकडा उचललात तर घड्याळ चालेल, पण वेळ त्या द्रवांची दाखवेल.