तपासणीला येण्याआधी मलम लावू नका

गुप्तांगावर पुळी किंवा चट्टा उठला की पावले आधी मेडिकलकडे वळतात. तिथे मिळणाऱ्या ‘मिक्स’ ट्यूबमध्ये बहुधा क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि आजाराची ओळखही पुसली जाते. गजकर्णाची कड मावळते. नाजूक कातडी पातळ पडून वेगळाच लालपणा येतो. मग मलम बंद करून दोन ते चार आठवडे थांबल्याशिवाय बायोप्सीही (कातडीचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी) नीट बोलत नाही. आधीच लावले असेल तरी आमच्याकडे तपासणीला या, फक्त ट्यूब सोबत आणा.

बऱ्याचदा तो गुप्तरोग नसतोच. शिश्नमुंडाच्या कडेने एका-दोन रांगांत बसलेले, एक-दोन मिलिमीटरचे, एकसारखे मोत्यासारखे दाणे ही शरीराची नेहमीची ठेवण आहे. विषाणूचे चामखीळ असे रांगेत बसत नाहीत. ते खडबडीत असतात आणि वाढत जातात. स्त्रियांमध्ये योनीमुखाशी दोन्ही बाजूंना सारखे मऊ कोंब दिसतात. प्रत्येकाचे बूड वेगळे असेल तर काळजी नको; चामखिळांची बुडे एकमेकांत मिसळलेली असतात. डर्मोस्कोपखाली, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, हा फरक बहुतेक वेळा जागेवरच कळतो. अशा दाण्यांवर चामखिळाचे जाळणारे औषध लावून नसती जखम करून घेऊ नका. घरी व्हिनेगर लावून बघण्यातही अर्थ नाही, निरोगी कातडीसुद्धा त्याने पांढरी पडते.

सर्वांत फसवा प्रकार गोळ्यांच्या ॲलर्जीचा. जुलाबाची, तापाची किंवा अंगदुखीची गोळी घेतल्यावर काही तासांत, फार तर दोन दिवसांत, शिश्नमुंडावर जळजळणारा चट्टा किंवा फोड येतो. तो बरा होतो, काळा डाग राहतो आणि तीच गोळी पुन्हा घेतली की त्याच जागी पुन्हा उठतो. गुप्तांगावरची नागीणही (हर्पिस) परत परत येते, म्हणून तीच समजून उपचार होत राहतात. टिनिडाझोल, कोट्रायमोक्सॅझोल, डॉक्सिसायक्लिन, वेदनाशामके यांपैकी काही घेतले होते का, ते आठवून लिहून आणा. हा कागद रक्ततपासणीइतका मोलाचा असतो.

वयात येणाऱ्या मुलीला तापानंतर अचानक दुखऱ्या जखमा झाल्या तर आईने मुलीवर संशय घेऊ नये. लिपशुट्झ नावाच्या या जखमा शरीरसंबंधाशिवाय होतात आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत भरतात. तपासणी मात्र हवीच.

पांढरा पडलेला, आवळत जाणारा भाग लायकेन स्क्लेरोसस या कातडीच्या जुनाट आजाराचा असू शकतो. त्याला तेच क्लोबेटासॉल लागते, पण ठरलेल्या मात्रेत आणि देखरेखीखाली. त्यात कर्करोगाचा थोडा धोका असल्याने आम्ही फेरतपासणीचा आग्रह धरतो. न भरणाऱ्या चट्ट्याची बायोप्सी त्याचसाठी.

‘काहीच औषध दिले नाही, मग फी कशाची?’ असे विचारले जाते. औषध नको हे खात्रीने सांगायलाही तपासावे लागते, आणि अंधुक फोटो पाहून आम्ही ते सांगत नाही. जोखमीचा संबंध आला असेल तर पुळी साधी निघाली तरी व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही तपासणी सुचवतो. सरकारी रुग्णालयांतल्या गुप्तरोगांसाठीच्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये त्या मोफत होतात, तिथला रिपोर्ट आम्हाला चालतो.

उघडी जखम, जांघेत गाठ, ताप किंवा लघवीला अडथळा असेल तर थांबू नका, त्याच दिवशी या. स्त्री रुग्णांच्या तपासणीवेळी परिचारिका हजर असते. आदल्या दिवशी त्या जागी वस्तरा फिरवू नका.