मित्र ताऱ्यापर्यंतचं वीजबिल

मे महिन्याच्या अखेरीस, रात्री सव्वादहाच्या सुमारास नागपुरातल्या एखाद्या गच्चीवरून नीट दक्षिणेला बघा. समोर उंच इमारत नको आणि हवेत धूळ कमी हवी. वळवाची एखादी सर नुकतीच येऊन गेली असेल तर सोन्याहून पिवळं. क्षितिजाच्या जेमतेम आठ अंश वर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्याही उंचीवर नाही, एक पिवळसर तारा दिसतो. हा मित्र, नरतुरंग तारकासमूहातला सर्वांत तेजस्वी. तीनेक तासांत तो मावळतोही, त्यामुळे बहुतेक नागपूरकरांनी तो कधी पाहिलेला नसतो.

मित्र दिसायला एक असला तरी ते दोन तारे आहेत, आणि त्या जोडीपासून बऱ्याच लांब एक मंद, लाल, खुजा तारा आहे, प्रॉक्सिमा. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा तोच, ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे प्रकाशालाही तिथून यायला सव्वाचार वर्षं लागतात. २०१६ साली त्याच्याभोवती ११.२ दिवसांत फेरी मारणारा, साधारण पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह सापडला. माणूस कधी दुसऱ्या ताऱ्याकडे जाणार का, या जुन्या प्रश्नाला तेव्हा निदान पत्ता तरी मिळाला.

माझं मत आधीच सांगून टाकते. यंत्र जाईल. माणसाचं मला कठीण दिसतं, आणि त्याचं कारण फक्त इंजिन नाही.

सुरुवात मात्र वेगापासूनच करावी लागते. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलं आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सौरवाताची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरलं. सेकंदाला १७ किलोमीटर हा त्याचा वेग. इतकी वर्षं अखंड धावूनही ते पृथ्वीपासून एक प्रकाशदिवस अंतरावर पोचतं ते नोव्हेंबर २०२६ मध्ये. एक दिवस! प्रॉक्सिमा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. याच वेगाने तिकडे जायचं तर ७५ हजार वर्षं लागतील. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या पार्कर सोलर प्रोब या यानाने डिसेंबर २०२४ मध्ये सेकंदाला १९२ किलोमीटरचा विक्रम केला खरा, पण तो सूर्याकडे कोसळताना मिळालेला वेग आहे. वळसा घालून दूर जाताना सूर्य तो जवळपास सगळा वसूल करतो.

मग मोठं रॉकेट का बांधत नाहीत? याचं उत्तर त्सिओल्कोव्हस्की या रशियन शिक्षकाने १९०३ मध्येच एका समीकरणात देऊन ठेवलं आहे. उत्तम रासायनिक इंधनाचे वायू सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटरने बाहेर पडतात. यानाला तेवढाच वेग द्यायचा तर निघतानाचं वजन रिकाम्या यानाच्या २.७ पट लागतं. वेग दुप्पट हवा असेल तर साडेसात पट, तिप्पट हवा असेल तर वीस पट. कारण पुढचं इंधन ढकलायलाही आधीचं इंधन जाळावं लागतं. प्रकाशाच्या दहा टक्के वेग, म्हणजे सेकंदाला ३० हजार किलोमीटर, हवा असेल तर हा २.७ चा गुणाकार साडेसहा हजारांहून जास्त वेळा करावा लागतो. उत्तर येतं एकावर जवळपास २,९०० शून्यं. दृश्य विश्वातले सगळे अणू मोजले तरी ते एकावर ८० शून्यांच्या आसपास भरतात. हा रस्ता तिथेच बंद.

आता इंजिन कुठलं का असेना, नुसती ऊर्जा मोजू. एक किलोची वस्तू प्रकाशाच्या दहा टक्के वेगाला न्यायला साडेबारा कोटी युनिट लागतात. युनिट म्हणजे आपल्या बिलावर छापून येतं तेच. नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राचे ६६० मेगावॉटचे तीन संच दिवसरात्र पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला पावणेपाच कोटी युनिट तयार होतात. म्हणजे एका किलोसाठी कोराडीची अडीच दिवसांहून जास्तीची सगळी वीज, तीही वाटेत काहीच वाया गेलं नाही असं धरून. माणसं न्यायची तर यान हजार टनांचं तरी असणारच. त्याला कोराडीची ७,२०० वर्षं, किंवा आज साऱ्या जगात तयार होणारी चार वर्षांची वीज. आणि हे फक्त निघायचं. तिकडे पोचून थांबायचं असेल तर तेवढीच ऊर्जा उलट्या दिशेने पुन्हा खर्च करायची, आणि तिची सोय निघतानाच बरोबर बांधून घ्यायची.

किलोमागे सर्वांत जास्त ऊर्जा देणारं, आपल्या हाती असलेलं साधन म्हणजे अणू. यानाच्या मागे एकामागून एक अणुबॉम्ब फोडत पुढे सरकायचं, ही ओरायन प्रकल्पाची कल्पना १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत खरोखर गांभीर्याने तपासली गेली. फ्रीमन डायसनसारखा भौतिकशास्त्रज्ञ त्यात होता. अणुचाचण्यांवरच्या १९६३ च्या करारानंतर अवकाशात अणुस्फोट करण्यावरच बंदी आली. पुढे ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ या काळात डेडलस नावाचं यान कागदावर पूर्ण आखलं. ५४ हजार टनांचं यान, त्यात ५० हजार टन इंधन. त्या इंधनातला हीलियम-३ हा हीलियमचा हलका प्रकार पृथ्वीवर नसल्यातच जमा, म्हणून तो गुरूच्या वातावरणातून उपसून आणायचा. एवढं करून प्रकाशाच्या १२ टक्के वेगाने बर्नार्डच्या ताऱ्यापर्यंत ५० वर्षांत पोचायचं. यानात माणूस नाही, आणि थांबण्याची सोयही नाही.

मला खरी पटते ती कल्पना याच्या अगदी उलट आहे: इंधन बरोबर न्यायचंच नाही. प्रकाश आरशावर आपटून परतला की आरशाला किंचित धक्का बसतो. जपानच्या इकारोस यानाने २०१० मध्ये १४ मीटर बाजूचं पातळ शीड उघडून सूर्यप्रकाशाच्या या धक्क्यावर अवकाशात प्रवास करून दाखवला. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ब्रेकथ्रू स्टारशॉट प्रकल्पात सूर्याऐवजी जमिनीवरचे लेझर होते. १०० गिगावॉटचा झोत, चार मीटरचं शीड आणि त्याला जोडलेली ग्रॅमभर वजनाची चिप. काही मिनिटं ढकलायचं आणि प्रकाशाच्या २० टक्के वेगाने सोडून द्यायचं. प्रॉक्सिमा वीस-एकवीस वर्षांत.

हे आकडे जवळून बघण्यासारखे आहेत. १०० गिगावॉट म्हणजे पन्नास कोराडी. आणि एवढ्या प्रकाशाचा धक्का किती? ६८ किलोच्या माणसाच्या वजनाएवढा. प्रकाश ढकलण्याच्या कामात इतका दुबळा आहे. पण समोर वस्तूच काही ग्रॅमची असल्यामुळे तिला पृथ्वीच्या गुरुत्वाच्या हजारो पट प्रवेग मिळतो. त्या काही मिनिटांत शिडावर पडणारी ऊर्जा नागपूरच्या मे महिन्यातल्या भर दुपारच्या उन्हाच्या साठ लाख पट. लाखातला एक भाग जरी शिडाने शोषला तरी ते आपल्या उन्हाच्या साठ पटीने तापणार. म्हणजे केसाहून कितीतरी पातळ, जवळजवळ काहीच न शोषणारा आणि तरीही न फाटणारा पडदा हवा. असा पदार्थ चार मीटरच्या आकारात अजून कुणी बनवलेला नाही, पण तो बनू नये असा निसर्गाचा कुठला नियमही आड येत नाही. पुढचा धोका धुळीचा. त्या वेगाला एक मायक्रोग्रॅमचा कण आदळला तर जवळपास अर्धा किलो टीएनटीइतकी ऊर्जा सुटते. सुदैवाने एवढे मोठे कण ताऱ्यांमध्ये विरळ आहेत, आणि स्वस्त चिपा हजारांनी सोडता येतात.

पोचल्यावर मात्र हाती काय लागतं? यानाला थांबता येत नाही. सेकंदाला ६० हजार किलोमीटर वेगाने ते प्रॉक्सिमा आणि त्याच्या ग्रहामधलं अंतर दोन मिनिटांत पार करतं. त्या दोन मिनिटांत फोटो काढायचे आणि ग्रॅमभर वजनाच्या यंत्राने ते सव्वाचार प्रकाशवर्षं दूर पाठवायचे. मला शिडापेक्षा हे काम अवघड वाटतं. तरी शंभर-दीडशे वर्षांत हे कुणीतरी करेल यावर मी पैज लावायला तयार आहे.

माणसाची गोष्ट वेगळी आहे. वेगाने गेलं की वेळ हळू चालते ना, असं कुणीतरी विचारतंच. चालते, पण दहा टक्के वेगाला ४२ वर्षांच्या प्रवासात वाचतात जेमतेम अडीच महिने. दुसरं, किरणोत्सर्ग. मंगळाकडे जाताना क्युरिऑसिटी या मंगळगाडीच्या उपकरणाने दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट मोजले; मिलिसिव्हर्ट हे शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप. अंतराळवीराने साऱ्या कारकिर्दीत ६०० मिलिसिव्हर्टच्या पुढे जाऊ नये असा नासाचा नियम आहे. तो कोटा वर्षभराच्या आतच संपतो. जाड कवच लावता येतं, पण त्याचं वजन वाढलं की वरचं वीजबिलही वाढतं.

या सगळ्यावर उपाय निघाले असं समजू. वेगाचा हट्ट सोडून पिढ्यान्‌पिढ्या चालणारं यान पाठवायचं ठरलं, तरी उरतो तो प्रश्न हवा, पाणी आणि अन्नाचा. अॅरिझोनातल्या बायोस्फिअर २ मध्ये १९९१ साली आठ माणसं तीन एकरांच्या काचघरात दोन वर्षांसाठी बंद झाली. आत शेती, छोटं जंगल, छोटा समुद्र. सोळा महिन्यांत हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आला. माणसांना धाप लागू लागली, रात्री झोप लागेना. चोर शोधायला वेळ लागला. शेतीसाठी आणलेली माती सेंद्रिय द्रव्याने इतकी सकस होती की तिच्यातले जिवाणू झाडं तयार करत होती त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन खात होते. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत वाढलेला दिसला असता तर लवकर समजलं असतं. पण तो इमारतीचं काँक्रीट गुपचूप शोषून घेत होतं. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन भरावा लागला. चांगली माती आणि साधं काँक्रीट! वाटेत, दोन प्रकाशवर्षांवर, ऑक्सिजनचा टँकर कुठून आणणार?

पाण्याचं थोडं बरं आहे. ते फिरवून वापरणं नागपूरला नवं नाही. भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, आणि इथल्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची फायटोरिड पद्धत झाडांच्या मुळांकडून सांडपाणी साफ करून घेते. पण इथे कमी पडलं तर पेंचचं धरण आहे, वर पाऊस आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाने २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवून दाखवलं, आणि ते खरंच मोठं काम आहे. तरी दोन टक्क्यांची गळती लावून बघा: पाणी शंभर वेळा फिरलं की मूळ साठ्यातलं १३ टक्केच उरतं. स्थानकावर मालवाहू यान येतं, म्हणून ते चालतं.

जवळच्या नात्यात लग्नं न होता पिढ्या निरोगी राहायला यानात किती माणसं लागतील यावरही गणितं झाली आहेत. मानवशास्त्रज्ञ कॅमेरॉन स्मिथ यांनी २०१४ मध्ये दहा ते चाळीस हजार म्हटलं. २०१८ च्या एका फ्रेंच गणिताने, विवाह काटेकोर आखून दिले तर ६,३०० वर्षांच्या प्रवासाला ९८ माणसं पुरतील असं दाखवलं. त्या अठ्ठ्याण्णवांच्या नातवंडांनी ती आखणी का मानावी, हे मात्र गणितात येत नाही.

म्हणून ताऱ्यांच्या प्रवासाच्या बातम्या वाचताना मी रॉकेटपेक्षा बंद खोल्यांकडे जास्त लक्ष देते. बार्सिलोनाजवळ युरोपीय अवकाश संस्थेचा मेलिसा प्रकल्प जिवाणू, शेवाळ आणि झाडांची साखळी जुळवतो आहे. बेजिंगमध्ये २०१७-१८ साली युएगाँग-१ या बंदिस्त प्रयोगशाळेत विद्यार्थी ३७० दिवस राहिले, आतलीच हवा आणि आतलंच पाणी फिरवत, बरंचसं अन्न आतच पिकवत. चौघांच्या दोन तुकड्या होत्या. पहिली ६० दिवस, मग दुसरी २०० दिवस, मग पुन्हा पहिली ११० दिवस. पाळी बदलताना दार उघडत होतं.