फ्रेंचच्या वर्गाला येताना मराठी सोबत आणा

दादरच्या आमच्या छोट्या वर्गात अकरावीची मुलं येतात, कॅनडाला निघालेले इंजिनीअर येतात, निवृत्त झालेल्या काकूही येतात. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच असतात. त्यातले काही इथे घेतले आहेत. उत्तरं मुद्दाम मराठीतून दिली आहेत, कारण इंग्रजीच्या वाटेने गेलं की यातले बरेच प्रश्न उगाच अवघड होतात.

निर्जीव वस्तूंना लिंग कशाला?

खुर्ची ती, पंखा तो, हे आपण तरी कुठे पाठ केलं? फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही एवढंच. त्यामुळे आपलं ‘ते पुस्तक’ तिथे पुल्लिंगी, ‘ल लिव्र’. ‘ते दार’ स्त्रीलिंगी, ‘ला पोर्त’. आपला चंद्र ‘तो’, त्यांची ‘ला ल्यून’ ती. म्हणून वहीत नाम एकटं लिहू नका, ‘ल’ किंवा ‘ला’ लावूनच लिहा.

भूतकाळात क्रियापद कधी बदलतं, कधी नाही, असं का?

सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रश्न हाच, आणि आमच्या मते मराठी माणसाला सगळ्यात सोपा. आपण ‘ती आली’ म्हणतो, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं. फ्रेंचमध्येही जाणं, येणं, जन्मणं, मरणं अशी मोजकी क्रियापदं भूतकाळात ‘एत्र’ (असणं) हे सहायक क्रियापद घेतात आणि कर्त्याप्रमाणे बदलतात. पण ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ यात ‘लिहिली’ कोणामुळे? चिठ्ठीमुळे. बाकीची ‘आव्वार’ (जवळ असणं) हे सहायक क्रियापद घेतात, आणि त्यांचं नातंही असंच कर्माशी असतं, फक्त कर्म आधी आलं तरच. ‘इल आ एक्री ला लेत्र’ म्हणजे त्याने चिठ्ठी लिहिली. इथे बदल नाही. ‘ला लेत्र किल आ एक्रीत’, म्हणजे त्याने लिहिलेली चिठ्ठी. इथे चिठ्ठी आधी आली, म्हणून शेवटी ‘त’ ऐकू येतो. इंग्रजीत याला तोडच नाही. मराठीत रोज वापरतो.

‘मला सिनेमा आवडला’ कसं म्हणू?

‘स फिल्म मा प्ल्यू.’ सिनेमा कर्ता, ‘मला’ तसंच. ‘मला तुझी आठवण येते’ हेही ‘त्यू म मांक’: तू कर्ता, मी ‘मला’. ‘तीन वर्षांपासून मुंबईत राहतो’ यात आपण वर्तमानकाळ वापरतो, तेही ‘दप्वी’ (पासून) लावून वर्तमानकाळच वापरतात.

‘त्यू’ की ‘वू’?

तू आणि तुम्ही. पण इथे मराठी सवय थोडी फसवते. बाबांना ‘अहो’ म्हणणाऱ्या घरातली मुलं फ्रेंच संवादातल्या वडिलांनाही ‘वू’ लावतात. तिकडच्या बहुतेक घरांत आईबाबा दोघांनाही ‘त्यू’च. उलट हॉटेलात पाणी आणणाऱ्या मुलाला आपण सहज ‘अरे, इकडे ये’ म्हणतो. तिथे त्याला आधी ‘बाँजूर’, मग ‘वू’, आणि मगच काय हवं ते सांगायचं.