शून्याच्या अलीकडच्या तारखा

१ जानेवारी १८७७, सोमवार. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात या दिवशी सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं तोही हाच दिवस, गिरणीला नाव मिळालं ते त्यावरूनच. ही तारीख एक्सेलच्या एका सेलमध्ये टाइप करून पाहा. ती सेलच्या डाव्या कडेला चिकटून राहते. तिच्याखाली दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेची तारीख, १४ ऑक्टोबर १९५६, टाका. ती आपोआप उजवीकडे सरकते.

एक्सेलमध्ये मजकूर डावीकडे लागतो आणि आकडे उजवीकडे. म्हणजे १९५६ ची तारीख त्याच्या लेखी आकडा आहे, १८७७ ची तारीख मात्र नुसती अक्षरं. दोघींची वजाबाकी मागितली तर उत्तर येत नाही. तारीख बनवायच्या सूत्रात वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे घातले तर निकाल आणखी विचित्र येतो: १९०० पेक्षा लहान वर्ष दिसलं की एक्सेल त्यात १९०० मिळवतं, आणि आपल्यासमोर १ जानेवारी ३७७७ उभी राहते.

विदर्भात या गोष्टीचा त्रास अगदी घरापर्यंत येतो. जात पडताळणीसाठी पणजोबांच्या नावाची कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल किंवा शाळेचा दाखल-खारीज उतारा शोधणारी माणसं नागपूरच्या कुठल्याही तहसील कार्यालयात दिसतील. अशा जुन्या नोंदी आता संगणकावर चढतात, आणि बहुतेक वेळा एक्सेलमध्येच. तिथे १८७१ चा जन्म मजकूर होऊन बसतो, १९२४ चा जन्म आकडा. तारखेनुसार चढत्या क्रमाने यादी लावली की एक्सेल आधी आकडे घेतं, मग मजकूर. त्यामुळे नातू वर आणि आजोबा खाली! मजकूर झालेल्या तारखांची आपसातली रांगही पहिल्या अक्षरापासून लागते, म्हणून ०२-११-१८९६ ही तारीख १४-०१-१८७१ च्या आधी येते. टाइप करणाऱ्याने घाईत वर्षाचे दोनच आकडे लिहिले, १४-०१-७१ असे, तर एक्सेल ते बिनतक्रार १९७१ धरतं. माझ्या मते ही चूक सगळ्यांत वाईट, कारण ती उजवीकडे नीट लागलेली असते आणि डोळ्यांना खटकतच नाही.

हे असं का होतं? संगणकाच्या पोटात तारीख नसते, दिवसांची मोजणी असते. नागपूरच्या झिरो माईलच्या खांबावर हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा यांची अंतरं कोरली आहेत, तशीच प्रत्येक तारीख म्हणजे कुणीतरी ठरवलेल्या शून्यापासूनचं अंतर. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० म्हणजे १. धम्मदीक्षेचा दिवस म्हणजे २०७४२. हा आकडा असल्यामुळेच दोन तारखांमधले दिवस एका वजाबाकीत मिळतात. पण एक्सेलने शून्याच्या मागे जायची सोयच ठेवली नाही.

आणि त्या २०७४२ मध्येही एक दिवस खोटा आहे. १०० ने भाग जाणारं वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप धरायचं, असा ग्रेगोरियन नियम. त्यानुसार १९०० लीप वर्ष नाही. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या एक्सेलसारख्याच प्रोग्रामने मात्र ते लीप धरलं होतं. पुढे एक्सेल आलं तेव्हा लोटसमधल्या फायली त्यात जशाच्या तशा चालाव्यात म्हणून ती चूक मुद्दाम उचलली गेली. म्हणून एक्सेलमध्ये ६० हा आकडा २९ फेब्रुवारी १९०० दाखवतो, जो दिवस कधी उगवलाच नाही. त्याच्या आधीच्या दोन महिन्यांचे वारही चुकतात: १ जानेवारी १९०० ला सोमवार होता, एक्सेल रविवार सांगतं. मॅकवरच्या एक्सेलने ही भानगड टाळायला १९०४ पासून मोजणी धरली होती. दोन मोजण्यांत १४६२ दिवसांचा फरक. एका प्रकारच्या फायलीतल्या तारखा दुसरीत चिकटवल्यावर चार वर्षं आणि एक दिवसाने सरकल्या, तर कारण हेच. एक्सेलसारखंच काम करणाऱ्या लिब्रेऑफिसने वेगळा मार्ग घेतला. त्याचा शून्य ३० डिसेंबर १८९९ ला आहे आणि उणे आकडे त्याला चालतात. एम्प्रेस मिलचा दिवस तिथे −८३९८ असा सुखाने नांदतो.

प्रोग्रामरांच्या जगात शून्य १ जानेवारी १९७० ला आहे. युनिक्स या संगणकप्रणालीत तिथून सेकंद मोजतात. हे सेकंद ३२ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या ३२ जागांत ठेवले तर पुढची हद्द १९ जानेवारी २०३८ ला संपते, याची चर्चा बरीच होते. मागची हद्द १३ डिसेंबर १९०१ ला संपते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एम्प्रेस मिल त्या हद्दीच्या पलीकडे पडते. तिच्यासाठी −२,९३,४७,४८,८०० सेकंद लागतात आणि ३२ बिटांत उणे बाजूला सुमारे २१५ कोटीच मावतात. ६४ बिटांत मावण्याचा प्रश्न उरत नाही, पण उणे आकड्यांचा भागाकार उरतो.

वार काढायचं उदाहरण घ्या. १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता. दिवसांच्या आकड्याला ७ ने भागायचं आणि बाकी गुरुवारपासून पुढे मोजायची, इतकी साधी रीत. एम्प्रेस मिलचा आकडा −३३९६७. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत बाकी ४ येते: शुक्र, शनि, रवि, सोम. बरोबर. सी भाषेत मात्र हीच बाकी −३ येते, कारण तिथे भागाकार शून्याच्या दिशेने कापला जातो. वारांची यादी ० ते ६ अशी असेल तर −३ क्रमांकाचा वार आणायचा कुठून? सेकंदांचे दिवस करतानाही हेच होतं. शून्याच्या एक सेकंद आधीचा क्षण ३१ डिसेंबर १९६९ चा, पण कापून भागलं तर त्याचा दिवसही शून्यच निघतो. मग शून्य क्रमांकाचा दिवस ४८ तासांचा होऊन बसतो. अशा चुका १९७० नंतरच्या तारखा घेऊन केलेल्या चाचणीत कधीच सापडत नाहीत. त्यासाठी जुन्याच तारखा घालाव्या लागतात.

दिवस मोजायची ही कल्पना संगणकाने आणलेली नाही. आपल्या ज्योतिषगणितात तिला अहर्गण म्हणतात. कलियुगाचा आरंभ इ.स.पू. ३१०२ च्या १८ फेब्रुवारीला, शुक्रवारी धरायचा आणि तिथून दिवस मोजत यायचं. ग्रहांचं स्थान काढायचं तर अहर्गणाला ग्रहाच्या गतीने गुणायचं. पण सोळाव्या शतकापर्यंत हा आकडा सुमारे १६ लाख ८८ हजारांवर गेला होता, आणि पाटीवर एवढे गुणाकार करणं सोपं नव्हतं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघव या ग्रंथात शून्यच पुढे आणलं. शके १४४२, म्हणजे इ.स. १५२० पासून आरंभ, आणि ११ वर्षांचं एक चक्र. चक्रात ४०१६ दिवस. चक्र पूर्ण झालं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, मागच्या चक्रांसाठी फक्त एक ठरलेली दुरुस्ती. आकडा कायम चार अंकांत. साधन अपुरं असताना मोजणी कशी बांधावी, याचा इतका नेमका विचार आपल्याकडे पाचशे वर्षांपूर्वी झाला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. अहर्गण काढल्यावर तो बरोबर आला का, हे वारावरून पडताळायची रीतही होती. वार जुळला नाही तर एक मिळवायचा किंवा एक वजा करायचा.

युरोपात जोसेफ स्कॅलिजरने १५८३ मध्ये इ.स.पू. ४७१३ पासूनची मोजणी सुचवली. तिच्यावर उभा राहिलेला ज्युलियन दिनांक खगोलशास्त्रज्ञ आजही वापरतात. तो इतका मागे सुरू होतो की लेखी इतिहासातली जवळपास कुठलीच तारीख उणे होत नाही. एम्प्रेस मिलचा ज्युलियन दिनांक २४,०६,६२१. या मोजणीत बाकी ० म्हणजे सोमवार, आणि या आकड्याला ७ ने निःशेष भाग जातो.

आकडा पक्का असला तरी तारखेवरून त्याच्यापर्यंत पोचताना घसरायला होतं. शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला असं आपण म्हणतो. पायथनला या तारखेचा वार विचारा, तो बुधवार सांगेल. खरा वार शनिवार. पायथन आजचा ग्रेगोरियन नियम थेट इसवी सन १ पर्यंत मागे लावत नेतो. ६ जून ही तारीख मात्र तेव्हाच्या इंग्रजांच्या जुन्या, ज्युलियन पंचांगातली आहे, कारण ब्रिटनने नवं पंचांग १७५२ च्या सप्टेंबरात घेतलं. त्या वर्षी २ तारखेनंतर एकदम १४ उजाडली. पोर्तुगालने ते १५८२ मध्येच घेतलं होतं. ग्रेगोरियन हिशोबाने राज्याभिषेकाची तारीख १६ जून येते, आणि १६ जून दिली की पायथनही शनिवार म्हणतो. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याच्या जुन्या नोंदींत, मात्र शुक्रवार आहे! तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले, असं ती सांगते. सूर्योदयाला सुमारे सव्वा तास बाकी होता. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी वार मध्यरात्री. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, दिवस कुठून सुरू होतो एवढाच फरक.

वेळेचा घोटाळा त्याहून बारीक. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. त्याआधी रेल्वे मद्रास वेळेवर चालायची, आणि संगणकांतल्या कालविभागांच्या कोष्टकातही १८७० ते १९०५ या काळासाठी भारताला ग्रिनिच वेळेपासून ५ तास २१ मिनिटं १० सेकंद असाच फरक दिलेला आहे. समजा एका प्रोग्रामने १ जानेवारी १८७७ ची मध्यरात्र साडेपाच तास वजा करून साठवली आणि कोष्टक पाळणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामने ती वाचली. दुसऱ्याला दिसेल ३१ डिसेंबर १८७६, रात्रीचे ११ वाजून ५१ मिनिटं १० सेकंद. पडद्यावर फक्त तारीख दाखवली जात असेल तर एक दिवस गुपचूप मागे गेला.

म्हणून जुनी रजिस्टरं संगणकावर घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. कागदावर जे लिहिलं आहे ते अक्षरशः तसंच एका कॉलममध्ये ठेवा, आणि टाइप करण्याआधीच तो कॉलम मजकुराचा करून घ्या. तारीख इंग्रजी आहे, शके आहे की फसली (जुन्या महसुली सनातली), हे शेजारी नोंदवा. वर्षाचे चारही आकडे लिहा. क्रम लावायला आणि वय काढायला ज्युलियन दिनांकाचा वेगळा कॉलम करा. कागदावर वार दिलेला असेल तर तोही उतरवा, म्हणजे ७ ने भागून लगेच पडताळता येईल. आणि जन्मतारखेला वेळ जोडू नका. कोतवालाने ती लिहिली नसेल तर प्रोग्रामनेही रात्रीचे बारा गृहीत धरायचं कारण नाही.